जाळरेषेवरची जोडी

४ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून मी पथकप्रमुख. साहेबांनी राष्ट्रीय उद्यानाच्या ऑफिससमोर सगळ्यांना उभं करून जाहीर केलं, टाळ्या झाल्या आणि लगेच मामांनी विचारलं, “मग आता हिला सलाम ठोकायचा, की पूर्वीसारखी खांद्यावर थाप मारली तर चालेल?” मामा आमच्या वणवा पथकातले सगळ्यात जुने. प्रमुखपद आधी त्यांनाच देऊ केलं होतं. “मला आग परवडली, मीटिंग नको,” म्हणाले.

घरी आले तर ह्यांनी शिलाई मशीन थांबवलं, गळ्यात टेप तसाच, आणि उठून माझ्याशी हात मिळवला. साहेबांपेक्षा जास्त रुबाबात. सासूबाईंनी विचारलं, “पगार वाढला?” नाही म्हटलं. “मग नुसती ओरडायची परवानगी मिळाली म्हण.”

ही डायरी ह्यांना बटणांच्या व्यापाऱ्यानं दिलेली. कामाच्या नोंदी ऑफिसच्या रजिस्टरात जातातच. इथे बाकीचं लिहीन म्हणते.

९ फेब्रुवारी

जाळरेषांचं काम सुरू झालं. आग लागू नये म्हणून आम्ही आग लावतो असं सांगितलं की बाहेरचा माणूस वेड्यात काढतो. गोष्ट साधी आहे. डोंगराच्या कडेनं गवताचा लांबलचक पट्टा आम्हीच आधी जाळून काळा करायचा. पुढे खरा वणवा आला की तिथे त्याला खायला काही मिळत नाही, तो जागीच बसतो. पट्ट्याच्या दोन्ही कडा दाताळ्यानं साफ करायच्या, पाठीवर पाण्याचे पंप घ्यायचे, आणि गवतावर दव आहे तोवर उरकायचं. वारा उठायच्या आत परत.

माझी जोडीदार बारकी. अंगानं काडी, आणि पंप पाठीवर घेतला की मागून नुसता पंपच चालत गेल्यासारखा दिसतो. गेल्या वर्षी लागली. काम मीच शिकवलं तिला. आज नव्या दोघांना मी नियम सांगत होते, तर ही माझ्यामागे उभी राहून माझ्याच आवाजात म्हणते, “जोडी सोडायची नाही! जोडीदार दिसेनासा झाला तर काम टाकायचं, जोडीदार शोधायचा! आणि चहूबाजूंनी आलीच तर काळ्यात शिरायचं, जळून गेलेल्या जागेत आग परत येत नाही!” सगळे हसले. हुबेहूब नक्कल करते माझी. मान वाकडी करण्यासकट.

१५ फेब्रुवारी

उजवीकडची सगळी कड झाली. केसांतला धुराचा वास काही केल्या जात नाही. सासूबाई म्हणतात, तू घरात आलीस की मला गॅस बंद केलाय का ते बघावंसं वाटतं.

खरं सांगायचं तर मला प्रमुखपद आवडायला लागलंय. मी हात वर केला की सगळे थांबतात. एवढी साधी गोष्ट, पण आवडते.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी पळाले.

सकाळी एवढंच लिहून पेन ठेवलं होतं. आता पुन्हा घेतलंय.

काल आम्ही मागच्या खोऱ्यात होतो. डोंगर मध्ये येतो, तिथून ऑफिसला वायरलेस लागत नाही. आमच्याकडचे सेट आणि टँकरमधला, एवढ्यांचंच आपापसात बोलणं. पट्टा जवळजवळ पुरा झाला होता. मी आणि बारकी शेवटच्या टोकाला, घळीच्या तोंडाशी. पडलेला वारा एकदम उठला आणि उलटा फिरला. एक पेटतं पान पट्टा ओलांडून पलीकडच्या उभ्या गवतात पडताना मी पाहिलं. पंप मारेपर्यंत आग छातीइतकी झाली होती. मग आवाज. इतकी वर्षं आग ऐकतेय, पण हा आवाज माझ्याकडे तोंड करून आला.

बारकी माझ्या डाव्या हाताला होती. तिच्या पंपाचा पट्टा झुडपात अडकला होता. ती म्हणाली, “ताई, थांबा, अडकलंय.”

मी ऐकलं. ऐकूच आलं नाही असं कुणालाही सांगता येईल, इथे नाही. स्वच्छ ऐकलं आणि पळाले. दुसऱ्यांदा “ताई!” आलं तेव्हा मी उतारावर होते. सेट मुठीत गच्च आवळलेला, तोंडानं आई गं, आई गं, आणखी काय काय बोलत होते देव जाणे.

खाली रस्त्यावर पोचले तर समोरून टँकर सुसाट येत होता. मी दोन्ही हात हलवले. “घळ! बारकी!” एवढंच तोंडातून निघालं. ड्रायव्हर थांबला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, सरळ वर गेला.

बारकी जिवंत आहे. पट्टा सोडवून, तोंड हातांनी झाकून ज्वाळेतून आरपार काळ्यात गेली आणि पालथी पडून राहिली. मी शिकवलं होतं तसं. हातांची पाठ भाजलीय आणि एक कान. आग मामांनी आणि बाकीच्यांनी घळीतच दाबली.

साहेब आले तेव्हा मी टँकरच्या पायरीवर बसले होते. त्यांनीच सगळं जुळवलं. “म्हणजे तुम्ही जिवाच्या आकांतानं धावत जाऊन टँकर आणलात. शाब्बास.” मग त्यांनी सहज विचारलं, “पण सेट होता ना तुमच्याकडे?”

सगळे उभे होते.

मी म्हटलं, “सेट बंद पडला होता, सर.”

मामा आपल्या बुटांकडे बघायला लागले. ड्रायव्हरनं उगाच बॉनेट उघडलं, गाडीला काही झालेलं नव्हतं. दमले असतील.

२५ फेब्रुवारी

वर्तमानपत्रात आलं. आतल्या पानावर, छोटंसंच. ‘पथकप्रमुख महिलेच्या प्रसंगावधानाने सहकारी बचावली.’ ह्यांनी ते कापून, प्लास्टिकमध्ये घालून दुकानात आरशाशेजारी लावलं. माप द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा राहतो, त्याला ते वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

मी म्हटलं, “अहो, काढा ते.”

“लाजतेस काय?” हे म्हणाले. “लाजायचं काम केलंयस का?”

मी आत जाऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

२७ फेब्रुवारी

हॉस्पिटलात गेले. न जाऊन चाललंच नसतं, प्रमुख आहे. बारकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये, बोटं बाहेर. तिच्या आईनं मला पाहिलं आणि गळ्यात पडून रडायला लागली. “तुमच्यामुळे माझी पोर मला परत मिळाली.” बारकी भिंतीकडे बघत होती.

आई पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी खुर्ची जवळ ओढली. काय बोलायचं ते येताना बसमध्ये ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. “दुखतंय का गं?” असं विचारलं. भाजलेल्या माणसाला.

ती म्हणाली, “ताई, तुम्ही मागे वळून पाहिलंत का?”

“धूर होता गं,” मी म्हटलं.

“हं,” ती म्हणाली. मग आई आली आणि बारकीनं डोळे मिटून घेतले. आईला तिनं काही सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं ते मला कळत नाही. सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि लगेच वाटलं, सांगितलं नाही ते बरं. दोन्ही मीच.

१ मार्च

संध्याकाळी कुलूपकाका घरी आले.

कुलूपकाका म्हणजे आमचे भांडारवाले. सेट, पंप, बूट, दाताळी सगळं त्यांच्या ताब्यात. झाडूसुद्धा कुलपात ठेवतात म्हणून हे नाव. जाडजूड माणूस, जिना चढून आल्यावर बराच वेळ दारातच उभे राहिले. हातात एक पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेला माझा सेट.

“मॅडम,” ते म्हणाले, “मला नोटीस आलीय. चार्ज न केलेला सेट दिला म्हणून. सोमवारी सुनावणी आहे. निलंबित करतील म्हणतात. मी सेट उघडून पाहिला, पुन्हा पुन्हा लावून पाहिला. चालतोय. माझी चूक असेल तर मी मान्य करीन हो. पण नेमकी कुठली चूक, तेवढं मला कळू दे. नक्की कसा बंद पडला?”

सेट त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. फडकं इस्त्रीचं होतं.

मी म्हटलं, “काका, धक्का बसला असेल. नंतर लागला असेल आपोआप.”

“तसं होतं का?”

“होत असेल.”

तेवढ्यात हे आतून आले आणि त्यांनी काकांना धारेवर धरलं. माझ्या बायकोचा जीव गेला असता तुमच्या हलगर्जीपणानं, त्या पोरीचा गेला असता, वर घरी येऊन जाब विचारता! काकांनी सगळं ऐकून घेतलं. सेट पुन्हा फडक्यात गुंडाळला. “वहिनींना त्रास दिला, माफ करा,” म्हणाले. मॅडमवरून वहिनी झाले मी. जाताना माझ्या सासूबाईंना नमस्कार करून गेले.

सासूबाई म्हणाल्या, “भला माणूस दिसतो. चूक करणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं.” आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

२ मार्च, रविवार

भाजीत दोनदा मीठ पडलं. तरी सगळ्यांनी खाल्ली.

मी हिशेब मांडून पाहिला: सांगितलं तर प्रमुखपद जाईल, नोकरीही जाईल कदाचित, दुकानातला तो कागद ह्यांच्या तोंडावर फेकल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर काकांचं जाईल. हे सगळं मांडताना मला जाणवलं की मी अजून पळतेच आहे. फक्त आता बसून.

३ मार्च, सोमवार

साहेबांच्या खोलीत सुनावणीच्या आधी गेले. काका बाहेर बाकावर बसलेले, धुतलेला शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. त्यांच्यासमोरून आत जायला लागलं.

मी उभ्यानंच सांगितलं. “सर, सेट चालू होता. मी खोटं बोलले. टँकर आणायला गेले नव्हते मी. बारकीला सोडून पळाले होते.”

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत राहिले. त्यांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते अवघडले. “अहो, रिपोर्ट वर गेलाय. तुमचं नाव बक्षिसाच्या शिफारशीत आहे. असं करू, भांडारवाल्यांना नुसती ताकीद देऊन सोडू. कुणाचंच नुकसान नाही.”

“पण त्यांनी सेट चार्ज केला होता, सर.”

“मग काय लिहू मी?”

“मी पळाले असं लिहा.”

शूर वगैरे काही वाटलं नाही. लहान मुलानं चड्डीत केलंय हे चारचौघांत सांगावं, तसं वाटलं.

बाहेर आले. काकांना सांगायचं होतं, पण साहेबांनी त्यांना तोवर आत बोलावलं होतं. दार उघडंच होतं, त्यांना सगळं ऐकू गेलं असणार. माझ्या अंगावरून गेले ते अंग चोरून.

मग आवारात गेले. पथक पंप धूत होतं. मी म्हटलं, “सगळ्यांनी इकडे या.” शेवटचा हुकूम. मी तेच पुन्हा सांगितलं. कुणी दचकलं नाही. ड्रायव्हर कापडानं काच पुसत राहिला.

मामा म्हणाले, “माहीत आहे.”

“बारकीनं सांगितलं?”

“ती कशाला सांगेल? तूच सांगितलंस. सेटचं बटण दाबून धरलं होतंस तू पळताना. तुझं आई गं, आई गं, धापा, सगळं आमच्या प्रत्येकाच्या कानात. मागे त्या पोरीचं ‘ताई’सुद्धा आलं त्यातून.”

ड्रायव्हर काचेकडेच बघत म्हणाला, “म्हणून तर गाडी काढली मी.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. साहेबांसमोर मी ‘बंद पडला होता’ म्हटलं तेव्हा सगळ्यांच्या कानात माझा श्वास होता.

“मग बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“पळतो गं माणूस,” मामा म्हणाले. “मीही पळालोय एकदा. त्याचं काही नाही. पण काकांची नोटीस आल्यावर आम्ही ठरवलं, सोमवारपर्यंत थांबायचं. तू नाही बोललीस तर सुनावणीला मी उभा राहणार होतो.” त्यांनी पंपाची नळी पिळून पाणी काढलं. “बरं झालं. मला मीटिंग आवडत नाही.”

४ मार्च

ह्यांना काल संध्याकाळी सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे खडूनं कापडावर रेघ मारत होते, ती पुरी केली. मग उठून आरशाशेजारचा कागद काढला आणि कात्री न वापरता हातानं फाडायला गेले. प्लास्टिक फाटेना. शेवटी तसाच घडी करून खिशात घातला. “मी त्या माणसाला घरातून हाकलला,” एवढंच म्हणाले. रात्रीचं जेवण झाल्यावर चपला घालून बाहेर गेले. काकांकडे गेले होते असं आज सासूबाईंकडून कळलं.

सासूबाई मला म्हणाल्या, “मी असते तरी पळाले असते. फरक एवढाच, मी बोललेलं खोटं टिकलं असतं. तुला जमत नाही ते, तर करू नये.”

८ मार्च

मला प्रमुखपदावरून काढलं. कागदावर ‘पुढील आदेशापर्यंत’. मामा तात्पुरते प्रमुख झाले आणि दिवसभर कुरकुरत होते. नोकरी आहे. काकांची नोटीस मागे घेतली.

ह्यांचं काय चाललंय मला समजत नाही. ज्याला ज्याला ती बातमी दाखवली होती, त्या प्रत्येकाला हे शोधून शोधून खरं सांगत सुटलेत. किराणावाला, पेपरवाला, वरच्या मजल्यावरच्या बाई. त्या बाई आज जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, “तुमचे मिस्टर आले होते. म्हणाले, माझी बायको पळाली होती, आणि तिनं स्वतः जाऊन सांगितलं, साहेब नको म्हणत असताना सांगितलं, आपल्याला जमलं असतं का?” मी मान खाली घालून वर आले. अशी चारचौघांत धिंड काढायची काय गरज होती? भरपाई करून घेताहेत माझ्याकडून, दुसरं काय. बरोबरच आहे त्यांचं. पण संध्याकाळी माझ्या कामाच्या बुटांची निघालेली शिवण त्यांनी घालून ठेवलेली दिसली, न सांगता. त्याचा अर्थ कसा लावायचा कळेना.

१६ मार्च, रविवार

बारकी घरी आलीय. तिच्याकडे गेले. दार तिच्या आईनं उघडलं. या वेळी गळ्यात पडली नाही. बाजूला झाली, मला वाट दिली, आणि आत गेली ती परत बाहेर आली नाही. म्हणजे कळलंय.

बारकीचे हात उघडे होते. गुलाबी, चकाकते. ती बोटं मिटायचा व्यायाम करत होती, मऊ चेंडू घेऊन.

मी म्हटलं, “मी वळून पाहिलं नव्हतं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी बघत होते ना तुमच्याकडे.”

चेंडू पडला. मी उचलून दिला. तिला तो नीट धरता येईना, तर मी तिची बोटं त्याच्यावर मिटवायला गेले आणि तिनं हात मागे घेतला. हळूच घेतला, पण घेतला.

“पुढच्या महिन्यात येणार कामावर,” ती म्हणाली. “डॉक्टर हो म्हणालेत.”

“ये. मी मामांना सांगते, आपली जोडी...”

“नको, ताई.” तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. “राग नाहीये माझा. रात्री राग राग यायचा, आता नाही येत. तुम्हीच शिकवलंत म्हणून मी काळ्यात गेले, तेही खरं आहे. पण जोडी नको. माझं लक्ष आगीकडे राहायचं नाही, तुमच्याकडे राहील.”

मी हो म्हटलं. बाहेर पडल्यावर चुकीच्या दिशेला बराच चालत गेले, मग कळलं की बसस्टॉप मागे राहिला.

तिनं माझी नक्कल केली नाही. करेल असं मला का वाटलं होतं?

२१ मार्च, शुक्रवार

आज शेवटची जाळरेषा. माणसं कमी पडली म्हणून साहेबांनी ऑफिसातल्यांनाही डोंगरावर धाडलं. पहाटे आवारात मामा जोड्या लावत होते. एकेक नाव जोडलं जात होतं आणि मी पंपाचे पट्टे उगाच घट्ट करत होते. सगळ्यांच्या जोड्या लागल्या. मी उरले, आणि भांडाराच्या दारात नवे बूट घालून उभे असलेले कुलूपकाका उरले.

मामांनी दोघांकडे पाहिलं, खांदे उडवले आणि पुढे गेले.

सुनावणीच्या दिवसानंतर काका माझ्याशी धड बोललेले नव्हते. सामान द्यायचे, सही घ्यायचे. मी माफी मागितली होती तेव्हा “ठीक आहे” म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली होती. आता गाडीत शेजारी बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. चढणीला दर थोड्या वेळानं थांबत होते. मीही थांबत होते, पुढे जायची हिंमत नव्हती.

आमच्या टोकाला पोचलो. गवत पिवळंधमक, अंगठ्यानं मोडलं तर कट्कन वाजणारं. मी त्यांना पंपाची मूठ कशी धरायची ते दाखवलं, कुठे उभं राहायचं ते दाखवलं, मागचा काळा पट्टा दाखवला. नियम मात्र तोंडातून निघेना. कुठल्या तोंडानं सांगणार?

काकांनी कपाळाचा घाम पुसला. खाली रस्त्याकडे पाहिलं, मग उतार पाहिला, मग माझ्याकडे.

“तुमच्याबरोबर जायला कुणी तयार नाही म्हणतात,” ते म्हणाले.

“हो.”

“माझ्याबरोबरही नाही. जाड आहे म्हणतात.” त्यांनी पंपाचा पट्टा पोटावरून नीट केला. “तर मॅडम, एक विनंती. पळायचं झालं तर आधी सांगा. मला वेळ लागतो.”

ते थट्टा करत नव्हते. अगदी मनापासून, भांडारात सामानाची वेळ ठरवावी तसं म्हणाले. मला हसू फुटलं आणि त्यातच रडूही, धूर अजून झालाही नव्हता. काका वाट बघत होते, कारण त्यांना उत्तर हवं होतं.

“सांगीन,” मी म्हटलं. “तुम्ही पुढे व्हाल, मग मी.”

त्यांनी मान हलवली. सेट तोंडाशी नेऊन, बटण दाबून, स्वच्छ आवाजात सगळ्यांना कळवलं की आमची जोडी तयार आहे. मग मी खाली वाकून गवत पेटवलं.